डोळ्यांपुढची चमक: अर्धशिशी की फिट?

डोळ्यांपुढे काहीतरी चमकायला लागलं, एका बाजूचं दिसेनासं झालं, मग डोकं फुटेस्तोवर दुखलं आणि उलटी झाली. डॉक्टरांसमोर एवढीच हकिगत आली तर ती अर्धशिशीची असू शकते, तशीच मेंदूच्या मागच्या भागातून येणाऱ्या फिटचीही असू शकते. चमक दोन्हींत असते, डोकेदुखी दोन्हींत असते, उलटी दोन्हींत होते. फरक असतो तो चमक किती वेळ टिकली, कशी दिसत होती आणि कुठून कुठे सरकली यात. नेमकं हेच बहुतेक वेळा विचारलं जात नाही, त्यामुळे सांगितलंही जात नाही.

चूक दोन्हीकडून होते. शाळकरी मुलाला रंगीत गोळे दिसतात, पाठोपाठ डोकं दुखतं, ओकारी येते. घरी ‘पित्त झालंय’ म्हणून मोरावळा आणि अँटासिड चालू राहतं, आणि एक दिवस वर्गात मोठी आकडी येते. दुसरीकडे तिशीतल्या एखाद्या बाईला सरळसाधी अर्धशिशी असते, पण इईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखाच्या, रिपोर्टमध्ये एक संशयाची ओळ असते आणि तेवढ्यावर फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालतात. फिटचा शिक्का आपल्याकडे माणसाला किती महाग पडतो हे वेगळं सांगायला नको. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण होतं, ते १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकलं. तरी स्थळं बघताना हा आजार अजून लपवला जातो. म्हणून निदान दोन्ही बाजूंनी नीट व्हायला हवं. फिट असेल तर ती सुटता कामा नये, आणि नसेल तर कुणाच्या माथी मारली जाता कामा नये.

जागा तीच, घडणं वेगळं

दृष्टीचं केंद्र डोक्याच्या मागच्या बाजूला, ऑक्सिपिटल लोबमध्ये असतं. उजवीकडचा लोब दोन्ही डोळ्यांचं डाव्या बाजूचं दृश्य पाहतो आणि डावीकडचा उजव्या बाजूचं. त्यामुळे या भागात बिघाड झाला की ‘उजव्या डोळ्याला दिसत नाही’ असं वाटतं खरं, पण प्रत्यक्षात दोन्ही डोळ्यांचा उजवीकडचा अर्धा भाग गेलेला असतो. हे तपासायला काही लागत नाही. आधी एक डोळा हाताने झाका, मग दुसरा. चमक दोन्ही वेळा तशीच दिसली तर त्रास मेंदूतला आहे. एकाच डोळ्यात दिसली तर हा लेख बाजूला ठेवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं, कारण पडदा सुटायला लागला की अशाच चमका दिसतात आणि तिथे उशीर परवडत नाही.

अर्धशिशीच्या आधी दिसणाऱ्या चमकेला डॉक्टर ऑरा म्हणतात. ऑरा चालू असताना मेंदूच्या पृष्ठभागावरून एक लाट पुढे सरकत असते. लाटेच्या तोंडाशी असलेल्या पेशी क्षणभर चेतवल्या जातात आणि लाट पुढे गेली की मागच्या पेशी काही मिनिटं गप्प पडतात. अमेरिकेतल्या कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने स्वतःला दिसणाऱ्या ऑराचे आकार वेळोवेळी कागदावर उतरवले आणि त्यांवरून १९४१ मध्ये या लाटेचा वेग मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर असावा असा हिशोब मांडला. पुढे १९४४ मध्ये आरिस्टिडेस लेआओ या ब्राझीलच्या संशोधकाला सशांच्या मेंदूवर ही लाट प्रत्यक्ष सापडली, आणि तिचा वेगही तेवढाच मंद निघाला. लेआओ त्या वेळी अपस्मारावर काम करत होते. फिट शोधताना त्यांच्या हाती अर्धशिशीची किल्ली लागली.

फिटमध्ये असं सरकणं नसतं. तिथे पेशींचा एक गट एकाच तालात, एकाच वेळी विद्युतस्फोट करायला लागतो आणि तो स्फोट मज्जातंतूंच्या जोडण्यांवरून सेकंदांत शेजारच्या आणि दूरच्या भागांत पोहोचतो. लाट पेशीकडून पेशीकडे रसायनांच्या झिरपण्याने जाते, फिट तारांवरून जाते. पुढचा सगळा फरक यातूनच निघतो. एकीकडे मिनिटं मोजावी लागतात, दुसरीकडे सेकंद.

ऑरा कशी उलगडते

वर्तमानपत्र वाचताना एका शब्दातली दोनच अक्षरं गायब होतात. नजर हलवली तर गायब होणारी अक्षरं बदलतात, भोक मात्र नजरेच्या मध्याजवळच राहतं. पहिली दोन-तीन मिनिटं बऱ्याच जणांना एवढंच जाणवतं, आणि चष्म्याची काच पुसण्यात ती निघूनही जातात. मग त्या भोकाच्या कडेला लुकलुक सुरू होते. कड करवतीच्या दात्यांसारखी, बहुधा काळी-पांढरी किंवा चांदीसारखी, आणि सतत थरथरणारी. हळूहळू तिची कमान होते. कमानीची पोकळ बाजू नजरेच्या मध्याकडे असते, दातेरी बाजू बाहेर. कमान मोठी होत एका बाजूला सरकते आणि तिच्या आतल्या भागात काहीच दिसत नाही. तिथे काळोखही नसतो, तेवढा तुकडा नुसता नसतो. समोरच्या माणसाचा एक डोळा आणि अर्धा गाल नाहीसा होतो.

पंधरा-वीस मिनिटांनी कमान नजरेच्या काठाशी पोहोचून बाहेर पडते आणि मधलं दृश्य आधीच परत यायला लागलेलं असतं. शेवटी शेवटी ती जास्त वेगाने पळते असं लोक सांगतात, आणि ते बरोबर आहे. लाटेचा वेग मेंदूवर जवळपास तोच असतो, पण मेंदूने नजरेच्या मध्यासाठी भरपूर जागा राखलेली असते आणि कडेच्या दृश्यासाठी थोडी. तेवढेच मिलिमीटर ओलांडताना कडेला दृश्याचा मोठा पट्टा झरकन पार होतो. ह्यूबर्ट एअरी या इंग्लिश डॉक्टरने १८७० मध्ये स्वतःच्या ऑराची टप्प्याटप्प्याने काढलेली रंगीत चित्रं प्रसिद्ध केली. ती पाहिली की हे सारं एका नजरेत कळतं, आणि आजही एखाद्या रुग्णासमोर ती ठेवली तर ‘हेच, अगदी हेच’ असं उत्तर येतं.

डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ऑराचे आकडे दिले आहेत. ऑरा किमान ५ मिनिटं घेत हळूहळू पसरते आणि तिचं एकेक लक्षण ५ ते ६० मिनिटं टिकतं. डोकेदुखी ऑराबरोबर किंवा तिच्या पाठोपाठ तासाभरात येते. काही जणांना, विशेषतः पन्नाशीनंतर, ऑरा येऊन जाते आणि डोकं दुखतच नाही. काहींना चमकेपाठोपाठ एका हाताच्या बोटांत मुंग्या येतात, त्या दहा-वीस मिनिटांत कोपरापर्यंत चढतात आणि मग ओठाच्या एका बाजूला व जिभेवर पोहोचतात. शब्द आठवायला अडचण येते. लक्षणं अशी एकामागून एक येतात, आणि प्रत्येकीला आपापली मिनिटं लागतात. मुंग्या फिटमध्येही येतात, पण तिथे बोटापासून चेहऱ्यापर्यंतचा प्रवास काही सेकंदांत आटोपतो.

आणि फिटमधली चमक

ऑक्सिपिटल लोबमधल्या फिटमध्ये सुरुवातीचं ते भोक जाणवायला वेळच मिळत नाही. नजरेच्या एका बाजूला, बऱ्याचदा कडेला, एकदम रंगीत ठिपके, गोळे किंवा वर्तुळं दिसतात. लाल, हिरवी, निळी, पिवळी, भडक. सेकंदांत त्यांची संख्या वाढते किंवा आकार वाढतो, काही वेळा ती आडवी सरकत नजरेच्या दुसऱ्या बाजूकडे जातात. कित्येकदा सगळं एका मिनिटाच्या आत संपतं. दोन-तीन मिनिटांवर क्वचित जातं. करवतीचे दाते नसतात, कमान नसते, आणि चमकेच्या मागे मोठी होत जाणारी रिकामी जागा सहसा नसते.

फिट दर वेळी त्याच बाजूला, त्याच रंगांत, त्याच क्रमाने येते. ऑरा एखाद्या वेळी डावीकडे तर पुढच्या वेळी उजवीकडे येऊ शकते. फिट वारंवार येते. आठवड्यात कितीतरी, कधी दिवसात दोन-चार. ऑराचं वेळापत्रक बहुधा महिन्यांत किंवा वर्षांत मोजायचं असतं. रोज येणारी एक-दोन मिनिटांची रंगीत चमक कुणी ‘मायग्रेन’ म्हणून सांगितली, तर तिथे थांबून पुन्हा विचारायला हवं.

चमकेनंतर काय झालं हेही पाहावं. डोळे एका बाजूला ओढले जाणं, पापण्यांची भरभर फडफड, मान वळणं, नजर शून्यात लागणं, ओठ चाटत राहणं, विचारलेल्याला उत्तर न देणं. फिट दृष्टिकेंद्रातून पुढे पसरली की हे दिसतं, आणि पुढे सर्वांगाची आकडीही येऊ शकते. ऑरा चालू असताना माणूस वैतागलेला, घाबरलेला असतो, शब्द चुकतात, पण तो जागेवर असतो आणि झालेलं सगळं नंतर सांगू शकतो. काहींना फिटमध्ये चमकेऐवजी अचानक दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं होतं, तेही काही मिनिटं. असा पूर्ण अंधार ऑरामध्ये क्वचितच होतो.

या फरकांची बारकाईने मांडणी १९९० च्या दशकात पानायिओटोपूलोस या न्यूरॉलॉजिस्टने केली. ऑक्सिपिटल फिटच्या आणि मायग्रेनच्या रुग्णांना काय दिसतं ते त्यांनी सेकंद, रंग, आकार आणि बाजू यांसकट तपशिलाने विचारलं. त्यांचं म्हणणं साधं आहे. चमकेचं वर्णन नीट घेतलं तर गोंधळ बहुतांशी तिथेच मिटतो. मला ते पूर्ण पटतं.

एकेकट्या खुणेवर मात्र विसंबू नये. ऑरातही रंग दिसतात. पाच मिनिटांच्या आतली ऑरा असते, आणि अर्धा तास रेंगाळणारी ऑक्सिपिटल फिटही, विरळा असली तरी, असते. रंग, आकार, वेळ, दिशा आणि वारंवारिता यांचा एकत्र मेळ बघायचा. त्यात वेळेला सर्वांत जास्त वजन द्यायचं.

डोकेदुखीवरून ठरवू नका

सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. ‘नंतर डोकं दुखलं ना, मग मायग्रेनच’ हे घरचे म्हणतात आणि घाईत डॉक्टरही म्हणतात. फिट संपल्यावर डोकं दुखणं फार नेहमीचं आहे, आणि ऑक्सिपिटल फिटनंतर तर अधिकच. ते दुखणं ठणकणारं असतं, उजेड नको वाटतो, उलटी होते. थोडक्यात ते हुबेहूब अर्धशिशीसारखं असतं. विल्यम गॉवर्स या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टने १९०७ मध्येच फिटच्या सीमेवरच्या आजारांत मायग्रेनची गणना केली होती, ती उगाच नव्हे.

याला जोडून आणखी एक चूक. डॉक्टर विचारतात, ‘त्रास किती वेळ चालतो?’ रुग्ण म्हणतो, ‘चार-पाच तास.’ तो डोकेदुखीबद्दल बोलत असतो. चमक चाळीस सेकंदच टिकलेली असते आणि ते कागदावर येतच नाही. विचारताना दोन वेगळे प्रश्न हवेत. चमक सुरू होऊन संपेपर्यंत किती वेळ गेला? चमक संपल्यापासून डोकं दुखायला किती वेळ लागला? ‘थोडा वेळ’ हे उत्तर स्वीकारायचं नाही. ‘कुकरच्या एका शिट्टीएवढा की डाळ शिजेपर्यंत?’ असं विचारलं की बरोबर उत्तर येतं.

पुढच्या वेळी कागद हाताशी ठेवा

आठवणीतून सांगितलेल्या वेळेवर भरवसा नसतो, म्हणून चमक सुरू होताच मोबाइलवर वेळ पाहा आणि स्टॉपवॉच लावा. गाडी चालवत असाल तर आधी बाजूला घ्या, शेगडीजवळ किंवा जिन्यात असाल तर आधी तिथून निघा आणि खाली बसा. एकेक डोळा झाकून पाहा. मग कोरा कागद घ्या, मध्ये पेनाने ठळक ठिपका काढा, कागद हातभर अंतरावर धरा आणि नजर ठिपक्यावरून न हलवता चमक कागदाच्या ज्या भागावर दिसते तिथे तिची बाह्यरेषा काढा. शेजारी वेळ लिहा. दर तीन मिनिटांनी, ठिपक्यावर नजर ठेवूनच, नवी रेषा काढा. ऑरा असेल तर कागदावर एकाबाहेर एक, मोठ्या होत गेलेल्या कमानी उतरतात आणि निदान बघता बघता होतं. पहिलीच रेषा काढून व्हायच्या आत चमक संपली तर कागद कोरा राहिला म्हणून वाईट वाटून घेऊ नका. चमक तीन मिनिटंसुद्धा टिकली नाही, ही माहिती चित्राइतकीच मोलाची आहे. तेवढं मात्र लिहून ठेवा.

सोबत कुणी असेल तर त्याने व्हिडिओ काढावा, आणि तो चेहऱ्याचा असावा. घाबरून लोक हातापायांचा किंवा आजूबाजूच्या गर्दीचा काढतात, तर न्यूरॉलॉजिस्टला हवे असतात डोळे, पापण्या आणि मानेची दिशा. व्हिडिओ चालू असतानाच बोलत राहावं. नाव विचारावं, आज वार कोणता विचारावं, आणि एखादा शब्द सांगून ठेवावा, समजा ‘भोपळा’. अर्ध्या तासाने तो शब्द विचारायचा. सांगता आला तर शुद्ध शाबूत होती. उत्तरं मिळाली पण नंतर त्यातलं काहीच आठवत नसेल तर तेही लिहावं.

नंतरच्या नोंदीत डोकेदुखी किती वाजता सुरू झाली, कोणत्या बाजूला, उलटी, जीभ चावली गेली का, कपड्यांत लघवी झाली का, गुंगी किती वेळ राहिली हे हवं. आदल्या रात्रीची झोप, उपास आणि पाळीची तारीखही टाका. जागरण दोन्ही आजारांना चिथावतं, त्यामुळे त्यावरून निवाडा होत नाही, पण उपचारात उपयोग होतो.

लहान मुलांना प्रश्नांपेक्षा खडू द्या. ‘जे दिसतं ते काढ’ म्हटलं की मूल लाल-निळे गोळे काढतं किंवा काळी दातेरी रेघ काढतं, आणि कोणत्या बाजूला ते आपोआप कळतं. मोठ्यांनी ‘गोल होतं का रे?’ असं सुचवायचं नाही, कारण मुलं हो म्हणून टाकतात. साधारण आठ-नऊ वर्षांच्या आसपास सुरू होणारा, डोळ्यांपुढे रंगीत गोळे आणणारा अपस्माराचा एक प्रकार मुलांत आहे. त्याहून लहान, तीन ते सहा वर्षांच्या मुलांत आणखी वेगळा प्रकार दिसतो. मूल झोपेतून उठतं, पांढरंफटक पडतं, वांत्या करतं, डोळे एका बाजूला जातात, ओळख देत नाही, आणि हे अर्धा तासही चालू शकतं. अशा मुलाला पोट बिघडलं म्हणून सलाइन लावलं जातं. पालकांनी ‘डोळे एकीकडे गेले होते’ हे एक वाक्य डॉक्टरांना सांगितलं तर तपासणीची दिशाच बदलते.

इईजी आणि एमआरआय

नेहमीचा इईजी वीस-तीस मिनिटांचा असतो. फिट त्या वीस मिनिटांत यावी अशी अपेक्षा नसते. दोन फिटांच्या मधल्या काळात उमटणाऱ्या टोकदार लहरी शोधायच्या असतात. त्या त्या दिवशी उमटल्या नाहीत तर अपस्मार असूनही इईजी नॉर्मल येतो. आदल्या रात्री जागरण करून आणि तपासणीत झोप लागू देऊन काढलेला इईजी जास्त बोलका असतो. ऑक्सिपिटल फिटची शंका असेल तर तसं चिठ्ठीवर लिहून घ्यावं, म्हणजे टेक्निशियन डोळे बंद आणि उघडे असा भाग नीट करून घेतात. या भागातल्या लहरी काही जणांत डोळे मिटल्यावरच उसळतात. केस धुऊन जावं, तेल लावू नये. तेलकट डोक्यावर इलेक्ट्रोड नीट बसत नाहीत आणि निम्मा इईजी खडखडाटाचा निघतो. चालू गोळ्या तपासणीसाठी स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. निव्वळ डोकेदुखीसाठी इईजी काढायची गरज नसते. काढला की निरुपद्रवी, निरोगी माणसांतही दिसणाऱ्या लहरींना कुणीतरी ‘अ‍ॅबनॉर्मल’ म्हणतं आणि गोळ्या सुरू होतात. वीस मिनिटं सरकणारी दातेरी कमान, वर्षात तीनदा, शुद्ध पूर्ण जागेवर. एवढं असताना केवळ रिपोर्टच्या एका ओळीवर फिटचं निदान स्वीकारू नये. दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टला रिपोर्ट दाखवू नका, मूळ इईजीच दाखवा.

एमआरआयचं तसं नाही. फिटची शंका आली की तो करायलाच हवा, आणि आपल्याकडे तर नक्कीच. मेंदूत डुकरांच्या पट्टकृमीची गाठ बसणं, म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, आणि क्षयाची गाठ ही भारतात फिटची नेहमीची कारणं आहेत. डुकराचं मांस न खाणाऱ्यांनाही ही कृमीची गाठ होते, कारण तिची अंडी दूषित पाण्यातून आणि नीट न धुतलेल्या कच्च्या भाजीतून पोटात जातात. तिसरं कारण जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांतलं. नवजात बाळाची साखर खूप खाली गेली तर मेंदूचा मागचा भागच जास्त दुखावतो आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी ऑक्सिपिटल फिटा सुरू होतात. म्हणून मुलाच्या फाइलमध्ये जन्माच्या वेळचे कागद असावेत. अर्धशिशीच्या एमआरआयमध्ये कधी बारीक पांढरे ठिपके दिसतात. त्यांचा सहसा काही अर्थ नसतो, आणि ते पाहून झोप उडवून घेऊ नये.

मधुमेहींसाठी एक वेगळी सूचना. रक्तातली साखर फार चढलेली असताना नजरेच्या एकाच बाजूला रंगीत दिवे पुन्हा पुन्हा दिसू शकतात. त्या फिटाच असतात आणि त्यांचं औषध म्हणजे साखर खाली आणणं. तोवर फिटच्या गोळ्यांना त्या नीटशा दाद देत नाहीत. घरात ग्लुकोमीटर असेल तर आधी बोट टोचा.

जिथे थांबायचं नाही

दृष्टी सरकत न जाता एका क्षणात गेली, सोबत हातपाय लुळा पडला किंवा बोलणं बंद झालं, तर तो पक्षाघात असू शकतो. ऑरा वाढत जाते, पक्षाघात एकदम येतो. आयुष्यात पहिली ऑरा पन्नाशीनंतर आली, तासाहून जास्त टिकली, किंवा नेहमीची ऑरा अचानक बदलली तरी त्याच दिवशी दाखवावं. गरोदरपणाच्या पाच महिन्यांनंतर, तसंच बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत, डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे चमका आल्या तर आधी रक्तदाब मोजून घ्यावा, कारण पुढची पायरी झटक्यांची असू शकते. तिथे अर्धशिशीची गोळी घेऊन पडून राहणं धोक्याचं आहे.

सर्वांगाची आकडी आलीच तर कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांतलं काही आणू नये. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात काहीही घालू नका, वेळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर १०८ ला फोन करा.

गोळी लागू पडली म्हणून निदान ठरत नाही

व्हॅलप्रोएट आणि टोपिरामेट ही दोन औषधं दोन्ही आजारांत चालतात. त्यांनी बरं वाटलं म्हणजे फिटच होती किंवा मायग्रेनच होतं, असं काही सिद्ध होत नाही. प्रोप्रानोलॉल आणि फ्लुनारिझिन अर्धशिशी रोखण्यासाठी आहेत, ती फिट थांबवत नाहीत. म्हणून चुकीच्या निदानाखाली ती चालू असताना फिटा तशाच येत राहतात. मूल होण्याच्या वयातल्या मुलींना आणि स्त्रियांना व्हॅलप्रोएट देताना दहादा विचार करायला हवा, कारण गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होतात. कुणाला आधीच चालू असेल तर एकदम बंद करू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं. ऑरासह मायग्रेन असलेल्या स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात, पक्षाघाताचा धोका वाढतो. ही गोष्ट स्त्रीरोगतज्ज्ञांना स्वतःहून सांगायची, कारण पाळीच्या तक्रारीसाठी गेलेल्या बाईला डोळ्यांपुढच्या चमकेबद्दल कुणी विचारत नाही.

अर्धशिशीचं दुखणं थांबवणाऱ्या ट्रिप्टान गटाच्या गोळ्या चमक सुरू झाल्यावर नव्हे, डोकं दुखायला लागल्यावर घ्यायच्या असतात. हृदयविकार असणाऱ्यांनी त्या घेऊच नयेत. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान वा मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस अशा महिनोन्‌महिने घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच रोज डोकं दुखायला लागतं.

काहींना दोन्ही आजार असतात. ऑरा चालू असताना किंवा ती संपल्यावर तासाभरात फिट आली, अशीही नोंद डोकेदुखीच्या वर्गीकरणात वेगळी ठेवलेली आहे. पण अशा बऱ्याच जुन्या नोंदी नीट वाचल्या तर ‘ऑरा’ म्हणून लिहिलेली चमक सेकंदांची आणि रंगीत निघते, म्हणजे ती फिटचीच सुरुवात होती. दोन्ही असणाऱ्यांनी वहीत दोन वेगळे रकाने करावेत. कोणत्या औषधाने काय कमी झालं ते तरच कळतं.

राहता राहिली गाडी. शिकाऊ लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये अपस्मार आहे का, अचानक शुद्ध हरपते का, असं विचारलेलं असतं आणि तिथे खरंच लिहावं लागतं. अर्धशिशी त्या प्रश्नात येत नाही. तरी ऑरा चालू असताना रस्त्याचा अर्धा भाग खरोखर दिसत नसतो. दुचाकी असो की चारचाकी, कमान नजरेबाहेर जाऊन दृश्य पूर्ण भरेपर्यंत थांबायचं, आणि त्यानंतर डोकं ठणकायला लागलं तर गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची.